शेवटच्या ओळीतलं नाव

या, असे जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगतो. लहानशीच आहे.

उटनूरच्या बसस्टँडसमोर सुधाकररावांचं टाइपसेटिंगचं दुकान. सत्त्याण्णव सालचा माघ महिना. कॉम्प्युटरच्या पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं सांडलेली. शेजारी स्टुलावर बयनाबाई, नार्नूरकडच्या मारोतबुवा कीर्तनकारांची बायको. बुवा जाऊन आठ महिने झाले होते.

“तुमच्या मशीनीले मराठी येत नाही वाटते, भाऊ,” ती म्हणाली.

मराठीच होतं ते. बुवांनी जन्मभर कीर्तनात गायलेली साठ पदं. मरणाच्या आदल्या वर्षी बुवा एकटेच चंद्रपूरला गेले, तीन दिवस तिथल्या टाइपसेटिंगच्या दुकानात बसले आणि सगळी पदं सांगून टाइप करून घेतली. वह्या पार झिजल्या होत्या. जीर्ण झालेली पोथी कोणी रद्दीत घालत नाही, पाण्यात सोडतात. पदं आता फ्लॉपीत सुखरूप आहेत म्हणाले, आणि वह्या गोदावरीत सोडून आले.

पण फ्लॉपीत अक्षरं नसतात, अक्षरांचे नंबर असतात. कोणत्या नंबराचं कोणतं अक्षर, हे त्या फॉन्टालाच ठाऊक. त्या काळी ज्याचा त्याचा फॉन्ट, ज्याची त्याची मांडणी. चंद्रपूरचं दुकान उठलं, मालक कुठं गेला कळलं नाही, आणि त्याच्याबरोबर फॉन्टही गेला. उरली ही फ्लॉपी आणि बयनाबाईचा गळा. साठातली बाराच पदं तिला धड येत होती. बाकीची तिच्या आजारपणानंतर आठवेनात. वर्षश्राद्धाला सगळ्या साठांची पुस्तिका निघावी, एवढा एकच ध्यास तिनं घेतला होता.

सुधाकरराव कीर्तनवेडा माणूस. त्यांनी उपाय काढला. बाईनं येणारं पद म्हणायचं, त्यांनी पडद्यावरची चिन्हं एकेका अक्षराला जुळवायची. बारा पदांतून तक्ता तयार झाला की उरलेली अठ्ठेचाळीस आपसूक वाचता येतील.

सुरुवात त्यांनी शेवटच्या ओळीपासून केली. कीर्तन ऐकणाऱ्याला दुसरं सुचतच नाही. पदाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव यायचंच. बुवांचं ‘मारोत सांगे’ सगळ्या तालुक्याला पाठ होतं. पडद्यावरही प्रत्येक पदाच्या शेवटी तीच ती चिन्हं होती. ती ‘मारोत’ धरून त्यांनी म, र आणि त ठरवले. मग पुढचं काहीच लागेना. देवाच्या नावाच्या जागी भलताच शब्द येई. आठ दिवस असे गेले. बयनाबाई सकाळच्या बसनं यायची, डोळे मिटून म्हणायची, दुपारच्या बसनं परत जायची. खोकल्यानं तिचा आवाज बसत चालला होता. फाइलच बिघडली असावी, असं सुधाकररावांना वाटू लागलं. पण ते तिला सांगायला जीभ उचलेना.

नवव्या दिवशी त्यांनी नावाचा नाद सोडला आणि पहिल्या ओळीपासून धरलं. शेवटची ओळ सोडून दुपारपर्यंत एक पद उलगडलं, मग दुसरं. तक्त्यावरून त्यांनी मजकूर आपल्या दुकानातल्या फॉन्टात उतरवला, तर वेलांट्या तेवढ्या आपलं अक्षर सोडून शेजाऱ्याच्या डोक्यावर बसत होत्या. त्या फॉन्टात एकेका अक्षराच्या रुंदीचा आकडा बदलून त्यांनी त्या जागेवर आणल्या. ओळी सरळ झाल्या. तिला आठवत नव्हतं असं एक पद ते मोठ्यानं वाचू लागले. बयनाबाईनं पदर तोंडाशी नेला. हे शेतात निंदताना सुचलं होतं, असं काहीसं ती पुटपुटली. बुवांना का, असं त्यांनी विचारलं. पुढं वाचा, एवढंच ती म्हणाली.

सुधाकररावांनी पदाची शेवटची ओळ वाचली आणि ते थांबले. दुसरं पद उघडलं, तिसरं उघडलं. साठही पाहिली. मारोत कुठंच नव्हता.

“माय, इथं ‘बयना सांगे’ आहे.”

 मग तिनं तुटक तुटक सांगितलं. पदं तिला सुचत, कापूस वेचताना, भाकरी थापताना. लिहिता येत नव्हतं, म्हणून बुवा लिहून घेत. बाईचं नाव घातलं तर कीर्तनात कोणी टाळ घेऊन मागं उभं राहणार नाही, असं बुवा लग्नानंतर पहिल्याच वर्षी म्हणाले होते. तिलाही ते पटलं होतं. त्यानंतर चाळीस वर्षांत नावाचा विषय घरात निघाला नाही. चंद्रपूरहून आल्यावरही बुवा काही बोलले नव्हते.

“कुठं हाय? बोट ठेवून दाखवा मले.”

सुधाकररावांनी तिचं बोट धरून काचेवर टेकवलं. तिनं ते बराच वेळ तिथंच ठेवलं.

“पायलं. आता पुसा, अन् त्यायचं घाला.”

बुवांनी स्वतःच्या तोंडानं सांगून टाइप करून घेतलंय, त्यांची ही शेवटची इच्छा असेल, असं सुधाकररावांनी परोपरीनं विनवलं. ती ऐकेना.

“चाळीस साल लोक त्यायच्या पाया पडले, भाऊ. आता मेल्या माणसाले लबाड ठरवू का मी?”

सुधाकररावांनी साठ वेळा नाव बदललं. ती शेजारी बसून होती, एकही सुटू नये म्हणून.

ज्येष्ठात वर्षश्राद्धाला पुस्तिका वाटली गेली. ती हातात घ्यायला बयनाबाई नव्हती. वैशाखातच गेली.

ती पदं आपल्याकडं अजून म्हणतात. तुम्हीही ‘मारोत सांगे’ असंच म्हणा, तिचा शब्द मोडू नका. फक्त ती ओळ आली की श्वासभर थांबा, आणि मनातल्या मनात बयनाबाईची आठवण करा.