विठूचा कान

"पोकळ हाय," विठू म्हणाला आणि रेनट्रीच्या बुंध्यावरून त्यानं कपाळ उचललं.

झालं! श्यामलाचे खांदे आणखी दोन बोटं खाली आले. सकाळपासून हे चौदावं झाड. पायांचे गोळे दुखून आलेले, घामानं भिजलेली ओढणी मानेवरच वाळून कडक झालेली, आणि पेणला परत जाणारी एसटी अजून तीन झाडं लांब. झाडांच्या खात्यात तपासनीस होऊन तिला अकरा वर्षं झाली होती. 'भरीव' म्हटलं की कुणी चहासुद्धा विचारत नाही आणि 'पोकळ' म्हटलं की अख्खा रस्ता अंगावर येतो, एवढं तिला पक्कं ठाऊक झालं होतं.

आलाच. रोह्याच्या त्या रस्त्यावर भाजी विकणाऱ्या सात जणी या एका झाडाच्या सावलीत बसायच्या. त्यांच्यातली सगळ्यात थोरली चंद्रावती हातातली माठाची जुडी टाकून उठली.

"पोकळ? डोळं फुटलं काय गो मॅडम? वर बघ जरा, कसं हिरवंगार हाय!"

हिरवंगार होतंच ते. तीच तर पंचाईत. चार वर्षांपूर्वी या रांगेला पिठ्या ढेकणांची पांढरी कीड लागली होती, तेव्हा श्यामलानंच मागे लागून फवारणी करून घेतली होती. झाड वाचलं. मग कुणीतरी बुंध्याला अगदी चिकटून सिमेंटचे ठोकळे बसवले. पाणी मुरायला वीतभर माती उरली नाही. तेव्हापासून आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं. फांद्या मात्र सातही जणींच्या डोक्यावर ऐसपैस पसरलेल्या.

"विलायती झाड हाय म्हणून तोडताय, ठाव हाय आम्हाला," टोपलीमागून शकू ओरडली. "परवाच पेपरात होतं. देशी लावा, परदेशी काढा."

"सावलीला कसला गो देश?" चंद्रावती म्हणाली. "माझ्या डोक्यावर ऊन पडलं तर ते काय विचारून पडतंय?"

काढा म्हणणारे ऑफिसात येऊन भांडत, राहू द्या म्हणणारे रस्त्यावर. झाडाची तब्येत कशी आहे हे कुणीच विचारत नसे. ते फक्त श्यामला विचारायची, आणि तेही विठूला. तिचा खात्यातला मदतनीस विठू लाकडी मोगरीनं खोडावर ठोके मारायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा. तो सांगेल ते ती लिहायची. अकरा वर्षांत त्याचा कान एकदाही चुकला नव्हता.

"विठ्या! ए विठ्या!" चंद्रावती त्याच्या पाठीमागे जाऊन ओरडली. विठू मोगरी पुसत राहिला. "अरे मेल्या, तुलाच म्हणते!" विठू पुसतच राहिला. तेवढ्यात मागून ट्रकनं असा भोंगा दिला की शकूच्या हातातली वांगी सांडली. विठूची पापणीसुद्धा हलली नाही.

मग चंद्रावतीनं टाळी वाजवली.

"अगो बया! ह्यो तर बहिरा हाय! ठार बहिरा! आणि म्हणे झाड ऐकतंय!"

सातही जणी अशा हसल्या की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. श्यामला विठूसमोर जाऊन उभी राहिली. त्याची नजर तिच्या ओठांवर होती. ती कायम तिथंच असायची, आणि तिला वाटायचं, माणूस अदबीनं ऐकतोय.

"विठू, तुला ऐकू येत नाही?"

"नाय," तो म्हणाला. "कंपनीत पत्र्याच्या मशीनवर होतो. तिथंच गेलं. तुमच्याकडं यायच्या आधी."

तिला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. केवढं हायसं! बहिऱ्याच्या कानावर कोण झाड तोडतं? तपासणी रद्द. झाड राहील, बायका राहतील, एसटी मिळेल. 'पोकळ'वर रेघ मारायला तिनं पेन टेकवलंसुद्धा.

विठूनं वहीवर पंजा ठेवला. "बाई, कान नाय लावत मी. कपाळ लावतो."

श्यामला बघतच राहिली. झाडाला कपाळ टेकवणारा विठू तिनं शेकडो वेळा पाहिला होता. भाविक आहे, पाया पडतोय, असं समजून ती तेवढा वेळ चपला काढून बाजूला उभी राहायची!

तो तिला शेजारच्या रेनट्रीपाशी घेऊन गेला. त्याच रांगेतलं, त्याच वयाचं, फक्त मोकळ्या मातीत उभं असलेलं. "टेका कपाळ. दात मिटा. कानांत बोटं घाला." पलीकडून मोगरी बसली आणि ठोका खोडातून सरळ तिच्या दाढेत आला.

"भरीव असलं तर असा येतो," विठू म्हणाला. "पोकळ असलं की वाटेतच मरतो."

ती परत आली. चंद्रावती पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली होती आणि बायका अजून हसतच होत्या.

"आता मॅडमपन पाया पडणार!"

"नवस बोल गो, आमचं झाड राहू दे म्हणून!"

श्यामलानं कपाळ टेकवलं, दात मिटले, कानांत बोटं घातली. येऊ दे, ती मनात म्हणाली. एवढा एक येऊ दे. मग ती थांबली. बराच वेळ थांबली. शेवटी तिनं मान कलती करून पाहिलं, तर विठू मोगरी खाली घेऊन उभा होता. मारून झालं होतं. तिनं खूण केली, पुन्हा. त्यानं पुन्हा मारली, थोडी खाली मारली, थोडी वर मारली.

तिनं कपाळ उचललं तेव्हा त्यावर सालीचे वळ उठले होते. सात जणी तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"ऊठ गो मावशी," ती चंद्रावतीला म्हणाली. "मलापण नाय ऐकू आलं."