काडतुसांतला दोष

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मार्लिस. मग चोर आपोआप सापडतो," तळघराचा जिना चढून येत ब्रँट म्हणाला. त्याने स्वतः भरलेल्या काडतुसांच्या गोळ्या हजार यार्डांवरच्या निशाणाच्या एक वर, एक खाली जात होत्या आणि नेमबाजीची स्पर्धा शनिवारवर आली होती. दारू बदलून झाली, वजनकाटा बदलून झाला. आता काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांची पाळी होती.

मार्लिसचंही तेच चाललं होतं. दीड वर्षाच्या टेसाच्या रक्तात शिसं निघालं होतं. आधी तिने नळाचं पाणी बंद केलं. मग जुन्या रंगाचे पोपडे सुटणाऱ्या खिडकीपासून लेकीला दूर ठेवलं. तरी आज आलेला आकडा मागच्या महिन्याच्या दुप्पट होता.

"तुझ्या गोळ्यांमुळे तर नाही ना रे?"

"घ्या, आता माझ्यावर आलं! अगं, गोळीला तांब्याचं कवच असतं. शिसं असलंच तर वापरलेल्या पुंगळ्यांच्या काजळीत. आणि तळघराला कुलूप घालतो मी."

तो खाली गेला. पुंगळ्या घासून लख्ख करणारं यंत्र घरघरू लागलं. बाहेर बर्फ पडत होता. तळघरातली हवा ओढून, तापवून घरभर सोडणारी भट्टीही सुरू झाली. टेसाच्या खोलीतल्या भिंतीच्या जाळीतून ऊब आली आणि पाळण्यातल्या पांढऱ्या चादरीवर बारीक करडी धूळ उतरू लागली.

खिडकीजवळचा पाळणा हलवताना मार्लिसने घरातली सगळ्यात उबदार जागा शोधली होती. बरोबर त्या जाळीखाली.