वरती, खालती

"वरती," मुकुल ओरडला आणि संदेशच्या डोक्यात तिडीक गेली.

रत्नागिरीच्या या मैदानावर वरती म्हणजे गोलच्या दोन खांबांपैकी डोंगराकडचा आणि खालती म्हणजे समुद्राकडचा. समोरच्या संघातल्या कोल्हापूरच्या पोरांना ही भाषा कुठली कळायला? वरती म्हटलं की बिचारी आभाळाकडे बघायची. सामना बरोबरीत होता, दोन मिनिटं उरली होती आणि फ्री किक खालच्या कडेला, पार रेषेजवळ मिळाली होती.

मारणार मुकुलच. बागायतदाराचा मुलगा, कॉलेजच्या संघाचा कप्तान. संदेशने वरती धावायचं, उंच बचावपटूला ओढून न्यायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत बॉल मिळायचा मुकुलच्या जिवलग दोस्ताला, वेदला. तीन वर्षं हेच चाललं होतं. गोल वेदचे, धाप संदेशची. आणि खुर्चीत बसलेले निवड समितीचे सर धाप थोडीच लिहून घेणार होते! जिल्ह्याच्या संघात आज एकाच फॉरवर्डची जागा होती. ती हुकली तर मे महिन्यात मामाबरोबर मुंबईला, हॉटेलात कपबशा विसळायला जायचं, असं संदेशच्या घरी ठरून गेलं होतं.

"एकदा तरी माज्याकडं टाक," तो म्हणाला.

"तू नुसता पळ," बॉल ठेवत मुकुल म्हणाला. "डोकं लावू नकोस."

शिट्टी झाली. संदेश वरती सुटला, बचावपटू त्याच्या मागे. पाच पावलं झाली. सहाव्याला त्याने पाय रोवला आणि खालती वळला. बचावपटू आपल्याच वेगात पुढे निघून गेला. बॉल वळत वळत आला, अगदी वेदच्या कपाळाच्या मापाने. संदेशने वेदच्या पुढे झेप घेतली. जाळं हललं.

धावत कोणीच आलं नाही. आनंद करायचा की नाही, ते सगळे मुकुलच्या तोंडाकडे बघून ठरवत होते.

मुकुल चालत आला. "तो बॉल तुझा नव्हता."

"तीन वर्सात माजा कंचा व्हता, तो सांग."

"नऊ नंबर," तेवढ्यात सरांनी खुर्चीतून हाक मारली. "नाव काय तुझं?"

संदेशने तोंड उघडायच्या आत मुकुलचा हात त्याच्या खांद्यावर पडला. "आमचा संदेश, सर," तो हसत म्हणाला. "मीच त्याला खालती बोलावलं."

संदेशने तो हात खांद्यावरून उचलून बाजूला केला, आणि आपलं नाव बापाच्या नावासकट, गावासकट, स्वतः सांगितलं.