बिस्किटाचं घर

श्रीकरने रंगाऱ्याला शिडी भिंतीला टेकवायला सांगितली, तशी वाणी येऊन नेमकी शिडीखाली उभी राहिली.

“अम्मा येईतोवर ब्रश लावू द्यायची नाही मी.”

“वाणी, बाजूला हो. संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय घर बघायला.”

“येऊ दे. बघू दे.”

रंगाऱ्याने आधी भावाकडे पाहिलं, मग बहिणीकडे, आणि बादली खाली ठेवून तो फाटकाबाहेर विडी ओढायला गेला.

तंजावरच्या त्या वसाहतीत सगळी घरं एका साच्यातली. तीच फिकी पिवळट भिंत, तेच फाटक, त्याच पायऱ्या. त्या रांगेत हे एकच घर गुळाच्या ढेपेसारखं तपकिरी झालं होतं. खिडक्या, सज्जा, दाराची चौकट, पायऱ्यांचे काठ, जिथे म्हणून कड होती तिथे चार बोटं रुंद पांढरीशुभ्र पट्टी. फाटकापासून दारापर्यंत वाटेच्या दोन्ही बाजूंना ताटाएवढे पांढरे ठिपके. असं घर श्रीकरने नाताळात चेन्नईच्या एका हॉटेलात काचेच्या पेटीत पाहिलं होतं. आल्याच्या बिस्किटांच्या भिंती आणि कडांवर साखरेची वेलबुट्टी. पण ते घर खायचं होतं. हे विकायचं होतं.

शेजारचे वेंकटरमणमामा कुंपणावर कोपरं टेकून मजा बघत होते.

“काय रे श्रीकर, तांदळाच्या पिठाचा कोलम अंगणात काढतात की नाही? तुझ्या बहिणीने भिंतीवर चढवला! पोरं ‘केक वीडु’ म्हणतात. माझा नातू विचारतो, तात्ता, केकच्या घराला मुंग्या का लागत नाहीत?”

“आज मोडतो, मामा. पूर्वीसारखंच करतो.”

“कर. आणि अम्माला सांभाळ रे बाबा. दिवाळीत आमच्या कुलपाला किल्ली लावीत होती. मी म्हटलं, सरस्वतीअक्का, आमचं घर पण विकायला काढलं काय?”

श्रीकर हसला नाही. अम्माचं वागणं त्यालाही खटकत होतं. एकटीने बाहेर जाणं तिने जवळजवळ सोडलं होतं. मागच्या खेपेला तो स्टेशनवर उतरला, तर ती त्याच्यासमोरून सरळ पुढे निघून गेली. घर विकायचं बोलला म्हणून रुसली, असं त्याने धरलं. रुसू दे. चेन्नईला आपल्या डोळ्यांसमोर राहील. म्हणूनच या वेळी तो न कळवता आला होता.

“सायन्सची पदवी घेतलीस, डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी करतेस,” तो दारात उभा राहून म्हणाला, “आणि सुचलं काय, तर हे?”

“सायन्सनेच सुचलं.”

“अम्मा कोठे आहे?”

“पापनाशमहून निघाली. मावशीने बसमध्ये बसवली.”

“मग स्टॉपवर आणायला का नाही गेलीस?”

“येऊ नको म्हणाली.” वाणीची नजर मघापासून रस्त्याच्या कोपऱ्यावर होती. “बघ. आली.”

कोपऱ्यावर लाल साडी दिसली. हातात पिशवी, पाऊल सावकाश. श्रीकर पुढे व्हायला निघाला, तोच वाणीने पायरी चढून त्याची बाही धरली.

“हाक मारू नकोस. हलू नकोस. आवाजावर आली तर ते खरं नव्हे.”

“काय चाललंय काय?”

“हळू बोल. तिच्या नजरेच्या मधोमध डाग आहे, अण्णा. वर्ष होत आलं. इंजेक्शनांनी पुढे वाढायचा थांबला, पण गेली तेवढी नजर परत येत नाही. फिक्या भिंतीवर फिकं दार तिला दिसतच नाही. गडदावर जाड पांढरी कड असली, तर दिसते.”

“मला का सांगितलं नाहीत?”

“तुला कळतं, तर त्याच दिवशी तिला चेन्नईला नेऊन बसवली असतीस. म्हणाली, आधी मी एकटी घरी येऊन दाखवते. मग सांग त्याला.”

अम्मा पहिल्या घरापुढून गेली. दुसऱ्या घरापुढून गेली. मान एका बाजूला कलती, कोंबडीने दाणा न्याहाळावा तशी. वेंकटरमणमामांच्या फाटकापाशी ती थबकली. हात कडीकडे गेला. मामांनी तोंड उघडलं, आणि वाणीने ओठांवर बोट ठेवलं. मामा तसेच राहिले.

अम्माने मान आणखी कलती केली. हात मागे घेतला. तिथून पुढे तिची चालच बदलली. ती ताठ झाली. आपल्या फाटकातून आत आली. ठिपक्यांच्या मधून अशी आली, जशी पूर्वी ओल्या अंगणातून कळशी घेऊन यायची, पायाखाली न बघता. पायरी तिने चाचपडली नाही. चढली. दुसरी चढली. कुणाचा हात नाही, भिंतीचा आधार नाही. घामाने डबडबलेला तिचा चेहरा हसत होता, शर्यत जिंकलेल्या पोरीसारखा.

वाणी बाजूला सरकली. श्रीकर मात्र त्या पांढऱ्या चौकटीच्या मधोमध तसाच उभा होता, आणि अम्मा त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. रंगाच्या बादलीचा वास दारापर्यंत आला होता. तिने थेट त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“कोण, रंगवाले काय?” ती म्हणाली. “उशीर केलात हो. ह्या घराला रंग झाला. आता बाजूस व्हा, माझे घर आहे हे.”