तिसरा चमचा

सल्लेखनेच्या, म्हणजे अन्नपाणी टप्प्याटप्प्याने सोडत मरण स्वीकारण्याच्या जैन व्रतात पद्माक्कांनी आधी अन्न त्यागले, मग दूध. उरली होती ती सूर्योदयानंतरची घोटभर कोरी कॉफी, तीही पतीला शिकवण्यापुरती. "माझ्यामागं तुमास्नी तुमची कॉफी करता याय पायजे," त्यांनी भूपालअण्णांना बजावले होते. "ती नीट जमली, की मी ही बी सोडनार."

अण्णा रोज फिल्टरमध्ये पूड घालीत आणि जिनमंदिरातले अभिषेकाचे गंधोदक द्यावे तशा जपणुकीने पेला पुढे करीत. पद्माक्का ओठ लावीत आणि तोंड वाकडे करीत.

"आज बी कडूच! निपाणीत पन्नास वर्सं तंबाखू तोललासा, अन् चमचाभर पूड मोजाय येईना व्हय?"

बाराव्या सकाळी मात्र त्यांनी पेला ओठांना न लावताच खाली ठेवला.

"दारातनं दिसतंय मला. स्वतःच्या कॉफीत दोनच चमचे घालतायसा. माझ्याच कॉफीत तिसरा कसा पडतोय?"

अण्णांनी तो पेला उचलून मोरीत ओतला.

"दोनच घाला आता. मला अडवू नगासा."

अण्णांनी दोन चमचे काठाशी सपाट करून फिल्टरमध्ये घातले. हात तिसऱ्याकडे वळला. पण पद्माक्का पाहत होत्या.