उजवा स्पीकर

"साडेसहा हजार?"

गाण्याच्या मास्तरांनी बिल डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. आकडा काही हलला नाही. "अहो, वायर बदलायला दिला होता मी. नवा घ्यायला नव्हता पाठवला."

दुरुस्तीवाल्याने पकड खाली ठेवली. काउंटरवर मास्तरांचा तीस वर्षांचा रेकॉर्ड प्लेअर, आणि त्याच्या दोन अंगांना दोन लाकडी स्पीकर.

"मास्तर, तीन खेपा झाल्या. उजवा स्पीकर बसका वाजतो म्हणालात, वायर बदलली. परत आलात, स्पीकर बदलला. पुन्हा आलात, तेव्हा आतला अॅम्प्लिफायर नवा घातला. तो बाहेरून मागवावा लागला."

"आणि उजवा अजून बसकाच! आत्ता तुमच्यासमोर ऐकला की मी. मग पैसे द्यायचे कशाचे?"

"माझ्या कानाला तर दोन्ही सारखेच लागतात. पहिल्या दिवसापासून."

"मग तेव्हाच बोलायचं होतं!"

"कसं बोलणार? चाळीस वर्षं लोकांचे सूर सुधारताय तुम्ही. तुमच्यापुढे माझा कान तो काय? म्हटलं, आपलंच चुकत असेल."

हा आपल्याला चढवतोय की गंडवतोय, तेच मास्तरांना कळेना.

दुरुस्तीवाल्याने रेकॉर्ड पुन्हा लावली. "बसा त्या स्टुलावर. कुठला बसका?"

"उजवा."

"आता दाराकडे तोंड करून बसा."

"हा काय पोरखेळ?"

"बसा तर खरं."

मास्तर कुरकुरत वळले. मागून तंबोरा, मग आवाज. त्यांनी डोळे मिटले.

"आता कुठला?"

"उजवाच! किती वेळा सांगू?"

मास्तरांनी डोळे उघडले. मान वळवून उजव्या हाताच्या स्पीकरकडे बघितलं. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. मघाशी समोर तोंड करून बसल्यावर जो डावीकडे चांगला वाजत होता, तोच तो.

"तुम्ही अदलाबदल केलीत," ते म्हणाले.

"मी हातसुद्धा लावलेला नाही."

मास्तर उठले, पुन्हा समोर तोंड करून बसले, पुन्हा वळले. रेकॉर्ड संपून सुई नुसती खरखरत राहिली, तेव्हा कुठे थांबले. दुरुस्तीवाला मान खाली घालून बिलावरची एकेक ओळ खोडत होता.

"खोडू नका," मास्तर म्हणाले. "सांगितलेलं काम केलंत तुम्ही."

त्यांनी पैसे मोजून ठेवले. निघताना उजवा कान चोळत म्हणाले, "हे आपल्या दोघांत राहू दे."

संध्याकाळी क्लासला सहा मुली आल्या. मास्तरांच्या उजव्या हाताला, रोजच्या जागी भिंतीशी, टपालवाल्याची मुलगी बसली होती. चार महिने मास्तर तिच्यावर डाफरत होते. आवाज चोरते, मन लावून गात नाही, घरी सांगून नाव काढून टाकेन, असं परवाच म्हणाले होते.

"तू इकडे ये," मास्तर म्हणाले. "डावीकडे. अशी जवळ बस."

ती घाबरतच आली. कालचीच ओळ तिने म्हटली. आवाज भरदार होता, गोल, सुरात पक्का. मास्तर मांडीवरचा ताल विसरले. बाकीच्या पाच जणी त्यांच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

मुलगी थांबली. "आज मोठ्याने गायले का, मास्तर?"

"नाही गं," मास्तर म्हणाले. "रोज गातेस, तेवढंच गायलीस."