खालचे पाचशे फूट

तेलाच्या दाबाचा काटा लाल रेषेखाली गेला, तेव्हा मनिषा डावीकडच्या खिडकीतून कालवा बघत होती. शेजारी बसलेल्या प्रशिक्षक पुष्करने काटा पाहिला, पण तिला सांगितलं नाही.

विमान दोन हजार फुटांवर होतं. इंदापूरवरून वळून दोघं बारामतीच्या धावपट्टीकडे परत निघाली होती. सणसर नुकतंच मागे पडलं होतं. इंजिन धावपट्टीपर्यंत टिकणार नव्हतं. पणदऱ्याची ही मुलगी जेमतेम वीस तास उडालेली. संकट खरं आहे हे कळलं तर तिचे हात आखडतील, असं त्याला वाटलं. म्हणून त्याने रेडिओलाही हात लावला नाही. दर आठवड्याच्या सरावात ओढायचा तशी थ्रॉटलची मूठ बाहेर ओढून इंजिन मंद केलं.

"इंजिन गेलं समज. शेत निवड."

मनिषाने नाक खाली करून वेग धरला. शहाण्णवचा फेब्रुवारी होता, ऊसतोड अर्ध्यावर आलेली.

"ते सपाट हिरवं चांगलं आहे," पुष्कर म्हणाला.

"न्हाई सर. तितं पाणी दिलंय, चाकं रुततील. पल्याड ऊस तुटलाय, तितं जाऊ. सरीच्या लांबीनं."

"आडवं गेलं तर?"

"उलथं पडू. बैलगाडीवाल्यालाबी ठावं हाय ते."

सराव नेहमी पाचशे फुटांवर संपायचा. तिथे प्रशिक्षक इंजिन परत द्यायचा आणि विमान वर जायचं. पुष्कर अकरा वर्षं हे शिकवत होता. इंजिनाशिवाय खालचे पाचशे फूट त्यानेही कधी पाहिले नव्हते.

पाचशे आले. मनिषाने इंजिन मागितलं नाही. चारशेवर पंखा हिसका देऊन थांबला. समोर पातं उभं राहिलं.

"पट्टा आवळा, सर," ती म्हणाली आणि आदळल्यावर दार अडकू नये म्हणून तिने कडी काढून ठेवली.

चाकं उसाच्या पाचटात टेकली. विमान सरीतून धडधडत गेलं, पुढचं चाक मोडलं, आणि बांधाच्या अलीकडे ते नाकावर थांबलं.

दोघं उतरून बांधावर बसली. लांबून ऊसतोडीची माणसं कोयते टाकून धावत येत होती.

"तो सराव नव्हता," तो म्हणाला. "तू घाबरशील म्हणून सांगितलं नाही."

"मला ठावं होतं. काटा सणसरच्या आधी, लोणी देवकरलाच खाली यायला लागला होता, सर."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

मनिषाने ओढणीला चिकटलेलं पाचट काढलं.

"मागल्या महिन्यात इंजिनाचा आवाज बदललाय म्हणून सांगितलं, तेव्हा तुमी सगळ्यांसमोर माझ्या बोलण्याची नक्कल केली होती."